गैरहजर माणसाची खेळी

त्या गुरुवारी दुपारी मी नेहमीसारखा फिटरकडे निघालो होतो. वाटेत त्याच्या मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या, एक पाव घेतला आणि कठड्याला धरून जिना चढलो. माझे गुडघे आता प्रत्येक पायरीला थांबून विचार करतात. घाई कशाची म्हणा. आम्हाला खेळायची ती सापशिडी. दोन म्हातारे, एक फासा आणि चार सोंगट्या.

चार, कारण आमचा तसा नियम होता. गैरहजर माणसाची खेळी बाकीच्यांनी टाकायची.

हा नियम कारखान्यातला. आम्ही चौघं शीतगृहात कामाला होतो. तिथे मासळी गोठवून ठेवायचे. मी मशीनला तेल घालायचो, म्हणून सगळे मला बुधल्या म्हणायचे. फिटर दुरुस्तीला होता आणि मुकादम आमच्या डोक्यावर. चौथा होता गवई. गाणं त्याला येत नव्हतं, पण हात कधी स्वस्थ नसायचे. टेबल असो, पिंप असो, कुणाची पाठ असो, तो ताल धरायचा. मला लिहिता-वाचता येत नाही. शंभरापर्यंतचे आकडे मला गवईने शिकवले, त्याच सापशिडीच्या पटावर. पट त्यानेच मासळीच्या खोक्याच्या झाकणावर चिकटवला होता.

जेवणाच्या सुट्टीत आमचा डाव चालायचा. दीड वाजता कुणीतरी थंड खोलीत जाऊन आतल्या तापमानाचा आकडा आणायचा असे. पाच मिनिटांचं काम, पण ती थंडी दातांत शिरायची. मग आम्ही ठरवलं, दीडचा भोंगा वाजला की ज्याला पहिला साप गिळेल त्याने आत जायचं. तो येईपर्यंत त्याची खेळी आम्ही टाकायची, म्हणजे डाव अडत नाही. दाराची आतली कडी महिनाभर बिघडलेली होती. त्यामुळे जाणारा दारात लाकडी पाचर ठोकून जायचा.

"अरे, ती कडी कधी करतोस?" मुकादम विचारायचा.

"हा डाव झाला की करतो," फिटर म्हणायचा. रोजच.

त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा माझी सोंगटी त्र्याण्णववर होती. सत्त्याण्णववर सगळ्यात मोठ्या सापाचं तोंड. मी फासा टाकला. चार.

मला आठवडाभर खोकला होता. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो. मी बोटाने मोजायला लागलो, पण सोंगटी उभी होती त्या घरापासूनच. त्र्याण्णव हे एक, चौऱ्याण्णव दोन, पंच्याण्णव तीन, शहाण्णव चार. लहान पोरं मोजतात तसं. मला नीट मोजता येत होतं. पण अडाण्याची चूक कोण काढणार? कुणी बोललं नाही.

पुढची खेळी गवईची. त्याला सत्त्याऐंशीच्या छोट्या सापाने गिळलं. तो हसत उठला. अंगात नुसता शर्ट. "माझी खेळी नीट टाका रे, लबाडांनो," म्हणाला आणि गेला.

आम्ही त्याची खेळी टाकत राहिलो. त्याची सोंगटी म्हणजे एक निळं बटण, त्याला शिडी मिळाली. मुकादम ओरडला, "गवई नाही तर बघा कसं नशीब फुललंय!" मध्येच दोन मिनिटं वीज गेली. मशीन बंद पडलं आणि त्या शांततेत थंड खोलीकडून ठोके ऐकू आले. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन.

"झाली बघ सुरुवात," फिटर म्हणाला. "तिथेही ताल धरलाय."

"वाहवा!" मुकादमाने दाद दिली. मी टाळी वाजवली.

मग वीज आली, मशीन गरजायला लागलं. गवई मागच्या फाटकाशी विडी ओढत बसला असेल असं आम्ही धरून चाललो, तो तसा बसायचा. पाच वाजता पाळी बदलली तेव्हा नव्या माणसांनी दार उघडलं. पाचर निसटली होती. गवई दाराला टेकून बसलेला होता, मूठ वर केलेली.

चौकशी झाली. कडी फिटरच्या अंगावर आली. त्याची नोकरी गेली, पुढे बायको माहेरी गेली ती परत आली नाही. गवईच्या विधवेच्या दारात तो दर महिन्याला जाऊन उभा राहायचा आणि ती त्याच्या तोंडावर दार लावायची. चाळीस वर्षं तो एकच वाक्य म्हणत आला, "माझ्या कडीने मेला." आणि चाळीस वर्षं मी समोर बसून फासा टाकत आलो. कारखाना बंद पडला, मुकादम वारला, तरी गुरुवार चुकला नाही. माझ्या सोंगटीला बाटलीचं बूच होतं, फिटरला नट, मुकादमाला खडूचा तुकडा. गवईला ते निळं बटण, गवईने स्वतःच्याच बाहीचं तोडून ठेवलेलं.

त्या गुरुवारी मी ठरवून गेलो होतो. फिटरचे पाय सुजले होते, डॉक्टरने मान हलवली होती. आज सांगायचंच.

त्याच्या खोलीच्या दाराला आतून दोन कड्या होत्या. दर आठवड्याला तो त्यांना तेल द्यायचा. मी दोन्ही लावल्या. बाहेर ऊन रखरखत होतं, खालच्या गल्लीत कुणीतरी गाद्या झोडपत होतं. आम्ही पट मांडला. डाव सरकत गेला. फिटर पाणी आणायला माठाकडे वळला तेव्हा माझी खेळी होती. बूच त्र्याण्णववर. मी फासा टाकला.

चार.

गल्लीतला आवाज थांबला होता. मासळीचा वास आला... गोठलेल्या मासळीचा, ज्याला वास असा नसतोच, नुसतं नाक दुखतं. माझं बोट पटावर गेलं आणि, काय सांगू, पुन्हा उभ्या घरापासूनच मोजायला लागलं. त्र्याण्णव, एक...

"आज तरी नीट मोज, बुधल्या."

अगदी हळू. पाठीमागून.

मी वळून पाहिलं. फिटर माठाशी पाठमोरा होता, तांब्या भरत.

"काय म्हणालास?" मी ओरडून विचारलं. मशीनच्या आवाजाने त्याचे कान कधीच गेले होते.

"आं? मी कुठे काय म्हणालो?"

मग मी सांगून टाकलं. ओरडून सांगावं लागलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. त्र्याण्णव, चार, शहाण्णव. सगळं. तो तांब्या घेऊन समोर बसला.

"माहीत आहे," म्हणाला. "बघितलं होतं मी."

"मग... चाळीस वर्षं..."

"तुझं सांगून माझी कडी दुरुस्त झाली असती का?" तो घोटभर पाणी प्यायला. "आणि गवईनेही बघितलं होतं. मी बोलणार होतो, तर त्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. कानात म्हणाला, राहू दे, खोकतोय बिचारा."

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. फिटरने जन्मभर सोसलेलं माझ्या एका शब्दाने पुसलं जाईल असंही वाटलं होतं. पण त्याला ते आधीपासून ठाऊक होतं, माझ्या शब्दाने पुसायला काही नव्हतंच. आणि मला जे मिळालं ते मी न्यायला आलो नव्हतो.

"ठेव सोंगटी सत्त्याण्णववर," फिटर म्हणाला.

मी ठेवली. साप तिला तेविसापर्यंत खाली घेऊन गेला. मग गवईची खेळी टाकायची म्हणून मी निळं बटण उचललं आणि हात झटकन मागे घेतला. ते बोटांना चिकटत होतं, बर्फाचा खडा चिकटतो तसं. त्या उन्हात.

"आज इथेच थांबवू," मी म्हणालो.

"डाव अर्धाच राहिला," फिटर म्हणाला. "पुढच्या गुरुवारी."

पुढचा गुरुवार त्याला मिळाला नाही. दोन्ही कड्या काढून, दार सताड उघडं ठेवून तो झोपेत गेला.

पट मी घरी आणला, सोंगट्या होत्या तिथेच ठेवून, ताटासारखा सांभाळत. कपाटावर ठेवला. आता कुणाशी खेळायचं? ठरवलं की हात लावायचा नाही, आणि लावला नाही. फासा तर माझ्या खिशात आहे.

पण मी दर गुरुवारी दुपारी स्टुलावर चढून बघतो. पहिल्यांदा वाटलं, माझी नजर गेली. नट पुढे गेला होता. खडू पुढे गेला होता. बटणही, आणि ते होतं त्या घराभोवती कागद ओला झाला होता. तिघांचा डाव चालू आहे. चालू दे, मी मनात म्हटलं, निदान तिघं एकत्र तरी आहेत.

मग लक्षात आलं की माझं बूचही तेविसावर राहिलेलं नाही.

मी त्यांच्यात नाही ना. गैरहजर माणसाची खेळी बाकीच्यांनी टाकायची, आमचा नियमच आहे. ते माझी टाकताहेत. आणि गवईच्या हाताखाली कुणी चुकीचं मोजत नाही.

काल गुरुवार होता. बूच त्र्याण्णववर आहे. माझ्या दाराला एकच कडी आहे, मी तिला तेल दिलंय, सकाळपासून चार वेळा उघडून पाहिली. उघडते. नीट उघडते. फक्त प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी गार लागते.