ताशी चौऱ्याहत्तर वेगाने उभी असलेली गाडी

डॉक्टर फरीदा मुल्ला यांनी चाक उजवीकडे फिरवलं. गाडी वळायला हवी होती. पण ती वळली नाही. नाक सरळ समोर ठेवून ती तिरकी तिरकी सरकत गेली आणि हातपंपाला जाऊन टेकली.

"खेकडा!" सावनी ओरडली.

ही गोष्ट २०४३ सालातली. करंजवण्याच्या शाळेच्या मैदानात फिरता डोळ्यांचा दवाखाना रात्रभर उभा होता. डॉक्टर तो स्वतःच चालवत. आदल्या दिवशी डोंगरावरच्या उंबरीत त्यांनी नऊ जणांच्या डोळ्यांची ऑपरेशनं केली होती. आज दुपारी बाराच्या आत त्यांच्या पट्ट्या सोडून थंडगार ठेवलेलं औषध डोळ्यांत घालायचं होतं. आणि उंबरीच्या घाटात चौदा वळणं, इतकी अरुंद की साधी गाडी तिथे अडकून बसायची. म्हणून तर दवाखान्याला चारही चाकं वळणारी गाडी दिलेली होती.

"काल तर शहाण्यासारखी चालली," डॉक्टर म्हणाल्या. "भाऊकाका, बघता का जरा?"

भाऊकाका म्हणजे सावनीचे आजोबा, रघुनाथ धुमाळ. तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे विद्युत मेंदू तयार केले होते. ते पुढे येण्याआधीच गाडीतून एक पिंपाएवढा यंत्रमानव उतरला. त्याचं नाव तपासराव. गाडीची तपासणी हे त्याचं काम.

"निदान पूर्ण," तो म्हणाला. "दोष मागची चाके वळवणाऱ्या मोटरमध्ये. उपाय, मोटर बदलणे. गुण न आल्यास चाके बदलणे. तरीही गुण न आल्यास वाहन बदलणे."

"आणि मोटर कधी येईल?"

"चार दिवसांनी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आजोबा मात्र सावनीकडे वळले. "तू खेकडा म्हणालीस. का?"

"मागची चाकं पुढच्यांसारखीच उजवीकडे वळली. मी खाली वाकून पाहिलं."

"शाब्बास!" आजोबांनी मातीत काडीने गाडी काढली. "हळू जाताना मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात. पुढची उजवीकडे, तर मागची डावीकडे. मग गाडी छोट्याशा जागेत गर्रकन फिरते. पण जोरात जाताना असं केलं तर ती भेलकांडेल. म्हणून तेव्हा मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने थोडीशी वळतात."

"पण डॉक्टरताई तर मुंगीच्या वेगाने जात होत्या!"

"हेच तर कोडं आहे. तपासराव, मोटरला थेट हुकूम दे. डावीकडे."

मागची चाकं डावीकडे वळली. उजवीकडे म्हटल्यावर उजवीकडे. थांब म्हटल्यावर थांबली.

"मोटर आज्ञाधारक आहे," आजोबा म्हणाले. "मग चुकीचा हुकूम कोण देतंय? नियंत्रक (मिळालेली माहिती पाहून चाकं किती वळवायची ते ठरवणारा गाडीचा मेंदू). पण त्यालाच कुणी थाप मारली असेल तर? त्याला या क्षणी काय माहिती मिळतेय?"

तपासरावाच्या पोटावरच्या पडद्यावर आकडे उमटले. चालकाचं चाक सरळ, बरोबर. वेग ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर.

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. ती हातपंपाला टेकून उभी होती. तिच्या सावलीत एक कोंबडी झोपली होती.

"कोंबडीचाही वेग तोच असावा," तपासराव म्हणाला.

"म्हणजे वेगाचा सेन्सर (चाकाचे फेरे मोजून त्याची खबर देणारं यंत्र) खोटं बोलतोय!" सावनी म्हणाली.

तेवढ्यात आकडा शून्यावर आला. थोड्या वेळाने पुन्हा चौऱ्याहत्तर झाला. सावनीने कान टवकारले. आकडा चढला की गाडीत काहीतरी घुं घुं करत होतं.

"आजोबा, सगळं बंद करून बघू या का? दिवे, पंखे, फ्रीज, सगळं!"

"मग दोष थांबला तरी कुणामुळे थांबला ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

सावनीने दिवे घालवले. आकडा तसाच. दिवे लावून पंखा बंद केला. तरी तसाच. पंखा लावून औषधांचा फ्रीज बंद केला आणि घुं घुं थांबली. शून्य! फ्रीज सुरू केला, पुन्हा चौऱ्याहत्तर. तिने तीनदा तसं करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच झालं.

"मग फ्रीज बंद ठेवूनच जाऊ," ती म्हणाली.

"औषध दोन तासांत वाया जाईल, आणि उंबरीला पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो," डॉक्टर म्हणाल्या.

आजोबा गाडीखाली शिरले. सेन्सरची तार फ्रीजच्या जाड केबलला खेटून गेली होती. तिच्यावरचं जाळीचं कवच (बाहेरचे विद्युत धक्के अडवणारं तारांचं विणकाम) एका जागी कुरतडलेलं होतं. फ्रीजचे धक्के तिथून आत घुसत आणि नियंत्रकाला वाटे, चाक गरगरतंय.

"उंदीर!" आजोबा खालून ओरडले.

"उंदीर सुट्या भागांच्या यादीत नाही," तपासराव म्हणाला.

"मला उंदीर नको, जाळीची तार हवी!"

तपासरावाने पोटावरचा पडदा विझवला. मग हळूच म्हणाला, "तशी एक तार आहे. माझ्या गळ्यात. ती काढल्यास मला बोलता येणार नाही. ही सूचना देताना मला अतिशय..."

त्याने वाक्य अर्धवट सोडलं आणि स्वतःच गळ्याचं झाकण उघडलं. सावनीला एकदम भरून आलं. तिने त्याच्या पत्र्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आजोबांनी तार बदलली आणि फ्रीजच्या केबलपासून लांब बांधली. मग फ्रीज सुरू ठेवून गाडी मैदानात वीस वेळा गोल फिरवली. वीसही वेळा ती गर्रकन वळली. तपासरावाने न बोलता इतके हातवारे केले की कोंबडी उठून पळाली.

चौदाही वळणं पार करून ते पावणेबाराला उंबरीत पोचले.

पहिली पट्टी हौसाबाईंची सुटली. वय ब्याऐंशी. त्यांनी डोळे मिचकावले, डॉक्टरांकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, मग पारापाशी गाडी वळवणाऱ्या आजोबांकडे पाहतच राहिल्या.

"आगं बया! ही गाडी मागनंबी वळती की!"

डॉक्टर औषध घालून पुढच्या पट्टीकडे वळल्या, आणि सावनीने मातीत काडीने चित्र काढून हौसाबाईंना सगळं समजावलं. हळू जाताना उलट, जोरात जाताना सारखी. हौसाबाई वाकून रेघा बघत होत्या. बऱ्याच वर्षांनी त्यांना रेघ रेघेसारखी दिसत होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "आन् गाडी माघारी घेताना मागची चाकं कशी वळत्यात?"

सावनीने काडी चित्रातल्या मागच्या चाकांवर टेकवली. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा डोकं खाजवत होते. तपासराव दोन्ही हात जोरजोराने हलवत होता, पण तो काय म्हणतोय ते कुणालाच कळेना.

"आजी, चला," सावनी म्हणाली. "बसा गाडीत. बघूनच येऊ."

हौसाबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी पुढची जागा पटकावली.