बुडालेल्या नावेचा खोटा पत्ता

जाळं जड लागलं तेव्हा शिवकन्येला वाटलं, आज कटला मासा सापडला, तोही चांगला सात-आठ किलोचा. थर्माकोलच्या तराफ्यावर गुडघे टेकून तिनं जाळं ओढायला घेतलं... आणि पाण्यातून वर आलं ते भलतंच काहीतरी. पिवळे पाईप, तीन छोटे पंखे, पुढं काचेमागं एकच डोळा. तो डोळा थेट तिच्याकडं बघत होता आणि पंखे गरगर फिरत जाळ्याचा दोर गुंडाळून घेत होते.

“बंद करा ते आधी,” ती काठाकडं बघून ओरडली.

काठावर मांडीवर डबा घेऊन एक पोरगा बसला होता. डब्यातून निघालेली काळी वायर पाण्यात शिरली होती. पंखे थांबले आणि तो गुडघाभर पाण्यात धावत आला.

“वायर कापू नका. पाया पडतो तुमच्या.”

“वायर न्हाई कापत. पण माझं जाळं कोण शिवणार?”

“मी शिवतो.”

“येतंय का?”

“न्हाई... पण मोटारीची वायंडिंग भरतो मी. बोटं बारीक कामाला सरावल्यात.”

तिनं त्याची बोटं बघितली. लांबसडक होती, नखांत ग्रीस होतं. बघितली ती बघितली, आणि वर मनाशी नोंद करून ठेवली, हे तिचं तिलाच नंतर कळलं.

“जाळ्यात सापडलं ते जाळंवालीचं. हितला कायदाच हाय तसा,” ती म्हणाली.

“मग मलाबी ठेवून घ्यावं लागंल. ते माझ्याबिगर चालत न्हाई.”

असं तोंडावर बोलणारा माणूस धरणाच्या काठावर रोज येत नाही. शिवकन्येनं मान फिरवली, पण हसू काही वेळेत आवरलं नाही.

त्याचं नाव त्रिंबक. तेलगावला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शिवाय बोअरमध्ये कॅमेरा सोडून पाणी कुठं पाझरतंय, मोटार कुठं अडकलीय, हे सांगायचं कामही तो करायचा. बोअरचा कॅमेरा नुसता खाली-वर जातो. याच्या डोक्यात किडा वळवळला, की तो डावी-उजवीकडं का जाऊ नये? मग पाईप जोडले, छोट्या मोटारींत पाणी शिरू नये म्हणून मेण न् ग्रीस भरलं, व्हिडिओ गेमचा रिमोट लावला. दोन वर्षं खपला गडी.

“पण ह्यानं करायचं काय?” शिवकन्येनं विचारलं.

“समुद्रात बुडालेली जहाजं बघायची.”

“समुद्र बघितलाय?”

“अजून न्हाई.”

ती पोट धरून हसली. त्याला राग आला नाही, उलट तोही हसला.

“म्हणून तर आधी हितं आलो. हितं एक नाव बुडाल्याय म्हणं, बंकट नावाड्याची. तुमाला जागा ठाव हाय का?”

तिचं हसू तिथंच थांबलं. बंकट म्हणजे तिचेच आप्पा. वीस पावलांवर, पाण्याकडं पाठ करून जाळी विणत बसले होते. आठ वर्षांत त्यांनी पाण्यात पाय घातला नव्हता.

“ठाव हाय की,” ती म्हणाली, आणि बोट केलं ते भलत्याच जागेकडं.

आता ती खोटं का बोलली, ते सांगायलाच हवं. दर चैत्रात पाणी उतरलं की आप्पा नाव काठावर ओढून पालथी घालायचे. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा आणि वरून गरम डांबर भरायचं, हे बापलेकीचं काम. ती चौदा वर्षांची होती त्या साली पुढच्या टोकाची मोठी फट तिच्या वाटणीला आली. कापूस तिनं ठासला. डांबर तापायचं होतं, आणि मामाच्या पोरी तर लिंबागणेशाच्या दर्शनाला निघून दारात उभ्या होत्या. तिनं नुसत्या कापसावर काळी माती चोळली, काळं दिसलं की झालं, आणि धूम ठोकली. दीड महिन्यानं भर पाण्यात नाव तळाला बसली. माणसं सगळी वाचली, हे नशीब. पण आप्पांनी गावापुढं हात जोडले. “माणसं जास्त घेतली, चूक माझी हाय,” म्हणाले. नाव गेली, नावाडीपण गेलं, आणि लोक त्यांना तोंडावर बोलायला लागले. शिवकन्येनं त्या फटीचं कुणालाच सांगितलं नाही. आठ वर्षं तो गोळा पोटात घेऊन ती जेवत होती, हसत होती, बी.ए. झाली होती. आणि आता हा एका डोळ्याचं यंत्र घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी त्रिंबक हजर. तिसऱ्या दिवशीही. उसाच्या तोडीला निम्मं गाव गेलेलं, काठ ओस होता. ती तराफ्यावरून जागा दाखवायची, तो शेजारी बसून रिमोट चालवायचा, आणि नाव काही सापडायची नाही. सापडायचं ते धरणात बुडालेलं जुनं गाव. एखादा उंबरा, जातं, दांडी वर करून उभा असलेला हातपंप. हिरवट उजेडात ते सगळं हळूहळू पुढ्यात यायचं आणि दोघं बोलता बोलता थांबायचे.

एक अडचण होती. उन्हात स्क्रीनवर काही म्हणून दिसत नव्हतं. पहिले दोन दिवस त्यानं डोक्यावर पोतं घेतलं. तिसऱ्या दिवशी पोत्यातून शिंका देऊन देऊन त्याचे डोळे लाल झाले, तेव्हा शिवकन्येनं ओढणी काढली आणि एक टोक त्याच्या डोक्यावर टाकलं. दुसरं आपल्या. आत सावली झाली, स्क्रीन लख्ख दिसायला लागली... आणि पाच मिनिटं स्क्रीनकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

“यंत्र चिखलात चाललंय,” ती म्हणाली.

“जाऊ दे.”

“जाऊ दे कसं? दोन वर्षं खपलात ना?”

“तवा ओढणी न्हवती.”

असे दिवस गेले. तो खिशातून हरभऱ्याचे घाटे आणायचा, ती सोलून द्यायची. जाळं शिवायलाही शिकला, वेडंवाकडं का होईना. दुसऱ्या आठवड्यात तो तिला ‘तू’ म्हणायला लागला. ती ‘तुमी’वरच राहिली. तिला वाटायचं, ज्याला रोज फसवतेय त्याला ‘तू’ कसं म्हणावं? घरी गेली की ती स्वतःलाच रागवायची. उद्या खरं सांगायचं, असं ठरवायची. सकाळी त्याची फटफटी वाजली की ठरवलेलं सगळं विरघळून जायचं. नाव सापडली तर तिची फट दिसणार, आणि नाव सापडली की त्याचं येणंही संपणार. दोन्हीकडून तिला नाव बुडालेलीच बरी होती.

मग एका रविवारी तो आला तो गप्प गप्प. वायरीचं रीळ तसंच खाली ठेवलं.

“कोकणातून फोन आलाय,” तो म्हणाला. “तिथं पाण्याखालचं काम करणारी पोरं हायती. माझ्या यंत्राचा व्हिडिओ बघितला त्यांनी. परवा निघायचंय.”

“किती दिवसांसाठी?”

“पावसाळ्यापर्यंत.”

शिवकन्येनं पाण्याकडं बघितलं. सहा महिने! हा जाईल आणि जन्मभर समजेल की पोरगी भली होती, बिचारीला जागा आठवत नव्हती. हे तिला सहन झालं नाही.

“मी तुमाला खोटी जागा दाखवत होते,” ती म्हणाली. “रोज.”

“ठाव हाय.”

“कवापासून?”

“तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. रोज नवी जागा, आन् तू बोट करतीस तवा नजर दुसरीकडंच. त्या काठावरच्या जांभळाच्या झाडासमोर.” तो थांबला. “गेल्या गुरवारी तू बाजाराला गेलतीस. मी तिकडं यंत्र सोडलं. नावेचं टोक दिसलं मला.”

“मग... काय बघितलं?”

“काय न्हाई. मागं फिरवलं.”

“कावून? मागं का फिरवलं?”

“तुला दाखवायची न्हवती, मग मी चोरून कशी बघू?” तो वायरीचं टोक बोटाला गुंडाळत होता. “बोअरमधी कॅमेरा सोडतो ना मी, तवाबी मालक शेजारी उभा असल्याबिगर सोडत न्हाई. ज्याचं त्यानं आधी बघावं.”

दोन वर्षं ज्याच्यासाठी खपला, ते हातावर आलेलं या माणसानं सोडून दिलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, तिला विचारलंही नव्हतं. रोज येऊन निमूट चुकीच्या जागी यंत्र सोडत बसला होता. शिवकन्येला रडू आलं. रडतारडता तिनं सगळं सांगितलं. कापूस, माती, लिंबागणेश, आप्पांचे जोडलेले हात... एकदा तोंड उघडलं तसं थांबवणं तिच्या हातात राहिलं नाही.

त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “बघायचं का? तू म्हणशील तर.”

तिनं डोळे पुसले. मग तराफा सोडायला उठली.

जांभळासमोर त्यांनी यंत्र सोडलं. ओढणीखाली दोघं डोकं लावून बसले. आज आपण किती जवळ आहोत याचं भान दोघांनाही नव्हतं. आधी नुसता गाळ उडाला. मग यंत्राच्या दिव्यात काळी फळी दिसली. नाव एका कुशीवर पडली होती, तळ त्यांच्याकडं करून. त्रिंबकनं अंगठा इतका अलगद फिरवला, की यंत्र जागेवरच तरंगल्यासारखं पुढं गेलं.

“पुढचं टोक,” ती पुटपुटली. “तिसरी फळी.”

फट तिथं नव्हतीच. दोन फळ्या पाण्यात फुगून एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. मध्ये केसही जाणार नाही इतक्या. त्रिंबकनं यंत्र पुन्हा पुन्हा त्या फटीवरून नेलं.

“हीच का?”

“हीच.”

“हितून थेंबबी आत गेला नसंल.”

मग त्यानं यंत्र मागच्या अंगाला नेलं. तळाला चांगलं दोन हातांचं भगदाड होतं, आणि त्यात बाभळीचा तुटका खुंट अजून रुतून बसला होता. दुष्काळाचं साल होतं ते. पाणी इतकं उतरलं होतं की जुन्या गावच्या बाभळी, न दिसता, अगदी वरच्या पाण्यापर्यंत आल्या होत्या, आणि त्यातली एक नेमकी नावेच्या वाटेत.

काठावर येऊन आप्पांना तिनं स्क्रीनवर टिपलेलं सगळं दाखवलं तेव्हा म्हातारा आधी बघेचना. त्रिंबकनं त्यांच्या डोक्यावर ओढणी धरली. त्यांनी पहिल्यांदा फट बघितली, मग खुंट. मग परत फट.

“धक्का बसलता,” ते हळू म्हणाले. “मला वाटलं माणसं एका अंगाला झाली म्हणून नाव हिसकली.”

“आप्पा, त्या फटीला मी डांबर लावलं न्हवतं.”

“ठाव हाय मला.”

तिनं झटकन मान वर केली.

“त्या दिवशी जेवायला बसलीस तवा तुझे हात कोरे होते, पोरी. डांबर भरलेल्या माणसाचे हात आठ दिवस काळे ऱ्हात्यात. पर मी म्हटलं, फळ्या फुगत्याल, मिटंल आपसूक. आन् नाव बसली तवा वाटलं, न्हाई मिटली.” त्यांनी ओढणीनंच डोळे पुसले. “चौदा वर्साच्या लेकराच्या डोक्यावर कसं घालू ते? म्हणून म्हटलं, माणसं जास्त घेतली.”

बाप तिच्यासाठी गप्प, ती बापाला भिऊन गप्प. एकाच चुलीपाशी बसून दोघांनी आठ वर्षं घालवली होती, आणि चूक दोघांचीही नव्हती. शिवकन्येनं आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्रिंबक उठून लांब गेला आणि उगाचच वायर गुंडाळत बसला.

थोड्या वेळानं आप्पा उठले. धोतर वर धरलं आणि चालत पाण्यात गेले. फार नाही, घोट्याएवढ्या. तिथंच उभे राहिले, जांभळाकडं बघत.

शिवकन्या त्रिंबककडं आली. त्यानं रीळ फटफटीला बांधलं होतं आणि परत सोडून परत बांधत होता.

“पाऊस लागला की येतो,” तो म्हणाला. “समुद्रात तवा काम बंद असतंय. आलो की तुला एक... म्हणजे, एक इचारायचं हाय. आत्ता न्हाई. तवाच इचारीन.”

“सहा महिन्यांनी?”

“हां. नीट ठरवून इचारावं म्हणतो.”

तिनं मागं वळून आप्पांकडं बघितलं. मग त्याच्या हातातली दोरी काढून घेतली, म्हणजे तो कुठं दुसरीकडं बघू शकणार नाही.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “लई आवडतोस. मी आता एकबी गोष्ट पोटात ठेवून बसणार न्हाई.”

त्रिंबकचे कान लाल झाले. बोअरमध्ये दोनशे फूट खोल बघणारा माणूस, त्याला समोरचं दिसेना.

“तू म्हणालीस,” तो कसाबसा बोलला. “मला ‘तू’ म्हणालीस.”

“म्हणाले. आता तू बोल.”

आणि पावसाळ्यात विचारायचं ठरवलेलं, लग्न करशील का, ते त्यानं तिथंच, फटफटीला टेकून, विचारून टाकलं. ती हो म्हणाली.