एकतीस हात

बोधमापन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत खुर्च्या चारच होत्या, आणि चारही मुलांच्या मापाच्या. त्यातल्या एकीवर मोनाली ढोबळे बाई गुडघे जवळ घेऊन, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. बावन्नाव्या वर्षी अशा खुर्चीत बसलं की माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. बाईंना तसं वाटत होतं.

"तुमची तक्रार वाचली मी," डॉ. फरीदा मुजावर पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या. बोधदीप बनवणाऱ्या चमूच्या त्या प्रमुख होत्या. "इंदू प्रतीक खरमाटे, इयत्ता चौथी, कासारखेडे. बोधांक एक्केचाळीस. वर्गातल्या बाकीच्या तीस मुलांचा सत्त्याण्णवच्या वर."

"तक्रार नाही हो, विनंती आहे. पोरगी मठ्ठ नाही, डॉक्टर. तुमच्या दिव्याचंच काहीतरी बिनसलंय. सोमवारपासून तिला तालुक्याच्या पायाभरणी वर्गात पाठवा म्हणून पत्र आलंय. तिथं वसतिगृहात राहायचं. नऊ वर्षांची आहे. अजून स्वतःची वेणी घालता येत नाही तिला."

सन २०५८च्या जूनपासून प्रत्येक बाकावर बोधदीप आला होता. जिऱ्याच्या डबीएवढा दिवा, त्याखाली चेहऱ्याच्या बारीक हालचाली टिपणारा मुद्रावेधक, आणि मुलाच्या मनगटावर नाडीपट्टी. शिकवलेलं समजलं की दिवा लागतो, नाही समजलं की विझतो. बाईंनी वर्गावर नजर टाकायची आणि पुढं जायचं किंवा थांबायचं. शंभरातला किती वेळ दिवा लागलेला, तो बोधांक. सहामाहीत ज्याचा दिवा निम्म्याहून जास्त वेळ विझलेला, त्याला पायाभरणी वर्ग.

"यंत्र बिनसत नाही, बाई. ते आपण शिकवू तेच शिकतं," डॉक्टर म्हणाल्या. "समजणं म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर. आपण त्याच्यापुढं दोन ढीग ठेवतो. हे 'समजलं'चे चेहरे, हे 'नाही समजलं'चे. दोन्हींत फरक काय, ते यंत्र स्वतः शोधतं. तांदूळ निवडायला बसलेल्या माणसाला आपण सांगावं, हे तांदूळ आणि हे खडे, तसं. आपण खडा दाखवून तांदूळ म्हटलं, तर ते जन्मभर खडाच वेचत बसेल."

"मग हे ढीग कोण करतं?"

"तुम्हीच केलेत की! यंत्राच्या जुळवणीचा पंधरवडा आठवतो ना? तुम्ही प्रश्न विचारायचा, मुलांनी हात वर करायचा. हात वर गेला, तो चेहरा 'समजलं'च्या ढिगात. हात खाली राहिला, तो दुसऱ्या ढिगात."

डॉक्टरांनी त्या पंधरवड्याचं चित्रण लावलं. कासारखेड्याचा चौथीचा वर्ग, मागं खुर्च्यांवर साहेब लोक, आणि प्रत्येक प्रश्नाला कणसं डोलावीत तसे हात. याच हातांसाठी बाईंना शाल आणि श्रीफळ मिळालं होतं. असा वर्ग कुठंच नाही म्हणून कासारखेड्याची जुळवणी दोनशे बारा शाळांतल्या दिव्यांना लावली गेली होती.

"एक विचारू?" डॉक्टर डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या. "यातले निम्मे हात डावे कसे?"

"डावखुरी असतील."

"एकतीसात अठरा?"

"आमच्या गावचं पाणी जरा वेगळं आहे."

डॉक्टर खळखळून हसल्या. बाईही हसल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

गावचं पाणी सगळ्या गावांसारखंच होतं. साहेब तपासणीला आले की वर्गात सगळे हात वर दिसले पाहिजेत, ही कासारखेड्याची जुनी रीत. येत असेल त्यानं उजवा करायचा, नसेल येत त्यानं डावा. बाई उजव्याकडे बोट दाखवणार, उत्तर येणार, साहेब खूश, मुलांची अब्रू शाबूत. बाईंना हे त्यांच्या बाईंनी शिकवलं होतं. चौथीत असताना मोनालीचा हात बहुतेक वेळा डावाच असे, आणि आपल्याला कोणी हसलं नाही याचं त्या वयात तिला केवढं बरं वाटलं होतं! यात काही लबाडी आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती त्यांना माया वाटत आली होती.

इंदू खरमाटे मात्र डावा हात करत नसे. "येत नाही तर वर कशाला करू?" ती विचारायची, आणि हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या पाडून, तोंड अर्धवट उघडं ठेवून फळ्याकडे बघत बसायची.

"यंत्राला उजवं-डावं कळत नाही," डॉक्टर सांगत होत्या. "हात वर, एवढंच. आणि तुमच्या वर्गात खाली राहिलेल्या हातांचे नमुने अगदी थोडे निघाले. दोनशे चौदा. गंमत म्हणजे सगळेच्या सगळे या एका मुलीचे. म्हणजे ती मागं आहे, हे तेव्हाच दिसत होतं. समजतंय ना, बाई?"

बाईंना समजलं. अगदी लख्ख समजलं. ज्याला येतं तो, आणि येत नसताना जो गप्प बसून झाकतो तो, असे दोघेही एकाच ढिगात पडले होते. दुसऱ्या ढिगात होती फक्त इंदू. यंत्रानं दोन ढिगांतला फरक शोधला होता. जो आपलं न समजणं चेहऱ्यावर दाखवतो, त्याचाच दिवा विझवायचा.

हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बाईंनी तोंड उघडलंही. मग त्यांना दोनशे बारा शाळा दिसल्या, शाल दिसली, मुख्याध्यापक गुरव सरांचा चेहरा दिसला.

"हो हो, समजतंय," त्या म्हणाल्या. "पण महिनाभर द्या मला. मी तयारी करून घेते तिची."

डॉक्टर माणूस म्हणून चांगल्या होत्या. त्यांनी महिना दिला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी इंदूला थांबवून घेतलं. आधी तिची सुटलेली वेणी घातली. वेणी घालताना एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, ते बरं होतं.

"इंदू, समजलं नाही की तू काय करतेस गं?"

"विचारते."

"त्याच्या आधी?"

"आधी इथं असं होतं." इंदूनं कपाळाला हात लावला. "आणि पोटात गुदगुल्या होतात."

"ते होऊ द्यायचं नाही."

"का?"

"दिवा विझतो म्हणून. दिवा विझला की तुला तालुक्याला पाठवतील. आईपासून लांब." बाईंनी तिला समोर बसवलं. "हे बघ. कपाळ सैल सोडायचं. ओठ मिटायचे, पण घट्ट नाही. नजर फळ्यावर. श्वास रोखायचा नाही, हळूहळू सोडायचा. आणि मान जराशी हलवायची. अशी."

इंदूनं करून पाहिलं. कपाळ ऐकेना.

"बाई, मग विचारायचं कधी?"

"शाळा सुटल्यावर. मला एकटीला. सगळं सांगेन मी."

"आणि हात?"

बाईंनी तिचा एक हात धरून वर केला. मग म्हणाल्या, "सगळे करतात तसा. डावा."

पोर हुशार. आठ दिवसांत शिकली. पहिल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर रोज सात-आठ प्रश्न घेऊन यायची. चंद्र दिवसा का दिसतो, शून्यानं का भागायचं नाही, नदीला नाव कोणी दिलं. दुसऱ्या आठवड्यात तीन प्रश्न आले. तिसऱ्यात ती दप्तर घेऊन मैत्रिणींबरोबर निघाली तेव्हा बाईंनी हाक मारली, "काय गं, आज काही विचारायचं नाही?" इंदूनं मान जराशी हलवली. "सगळं समजतंय, बाई."

महिन्याअखेर त्या महिन्याचा बोधांक अठ्ठ्याण्णव निघाला. तालुक्याचं पत्र रद्द झालं. इंदूचे वडील गिरणीतून तसेच, केसांना पीठ लागलेले, पेढे घेऊन आले. "बाई, तुम्ही पोरीचं डोकं उघडलंत," ते म्हणाले आणि वाकायला लागले. बाईंनी त्यांना अर्ध्यातच धरलं. पेढा गोड होता. बाईंनी तो अर्धाच खाऊन कागदात गुंडाळला.

त्यानंतरच्या मंगळवारी डॉ. मुजावर न कळवता शाळेत आल्या. झोप न झालेला चेहरा, हातात नमुने टिपायची पेटी. गुरव सर चहा सांगायला निघाले तर त्यांनाही थांबवलं.

"एका शाळेत दुसरीच्या वर्गात चुकून सातवीचा धडा लागला," व्हरांड्यातच त्या बोलायला लागल्या. "अर्धा तास. चाळीसच्या चाळीस दिवे लागलेले. मी दहा शाळांत मुद्दाम तसंच करून पाहिलं. सगळीकडे दिवाळी. बाई, माझा दिवा समजणं ओळखतच नाही. मूल आपलं न समजणं उघडपणे दाखवतंय का, तेवढंच ओळखतो आणि तेव्हा विझतो. सहा महिने आम्ही लागलेल्या दिव्यांना शाबासकी देतोय. वीस हजार मुलं तोंड मिटायला शिकली."

"मग आता काय करायचं हो?" गुरव सरांनी विचारलं.

"नव्यानं ढीग करायचे. 'नाही समजलं'चे खरे नमुने हवेत, हजारो. त्याला निदान सुरुवात करायला एक असं मूल हवं, ज्याला न समजल्याची लाज वाटत नाही. असं एकच मला माहीत आहे." आल्यापासून डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "तुम्ही बरोबर होतात, बाई. पोरगी मठ्ठ नव्हती. कुठं बसते ती?"

बाईंनी बोट दाखवलं. 

डॉक्टर वर्गात शिरल्या. मुलं उभी राहिली, नमस्ते झालं, बसली.

"काल बाईंनी तुम्हाला तिरकस भागाकार शिकवला ना?" तिरकस भागाकार नावाचं काही जगात नाही. डॉक्टरांनी ते जिन्यात रचलं होतं. "कोणाकोणाला येतो?"

एकतीस हात वर गेले. एकतीस दिवे लागलेले होते. खिडकीपाशी इंदू खरमाटे बसली होती. कपाळ सैल, ओठ मिटलेले, नजर फळ्यावर. डावा हात कानाला चिकटून सरळ वर.

डॉक्टर तिच्या बाकापर्यंत गेल्या, दिवा हातात घेऊन उलटा-सुलटा केला, परत ठेवला. "हिचासुद्धा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "महिन्यात असं काय झालं हिला?"

"मी झाले," बाई म्हणाल्या.

गुरव सर खाकरले. "बाई, आपण चहा घेऊ आधी."

"नको सर." बाई दारातच उभ्या होत्या. "डॉक्टर, आमच्या गावात कोणी डावखुरं नाही. येत नसेल त्यानं डावा हात करायचा, हे मी शिकवलंय. साहेबांना सगळे हात वर दिसावेत म्हणून. तुमच्या पंधरवड्यातही तेच केलं. इंदू तेवढी करत नव्हती. तिचं नाव कापलं जाऊ नये म्हणून चेहरा कसा झाकायचा, तेही मीच शिकवलं. रोज. शाळा सुटल्यावर."

डॉक्टर बाईंकडे वळल्या.

"त्या दिवशी मी तुम्हाला ढीग समजावत होते," डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या फक्त एका रिकाम्या बाकावर बसल्या आणि पेटीच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला लिहून द्यावं लागेल हे."

"देते. आधी मुलांशी बोलू द्या."

बाई फळ्यापाशी गेल्या. पंचवीस वर्षं त्या जागेवरून त्या बोलत आल्या होत्या, पण आज हातात खडू घ्यावा की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"मुलांनो, माझी चूक झाली. डाव्या हाताचं मी तुम्हाला खोटं शिकवलं. आजपासून ज्याला येत नाही त्यानं हात वर करायचा नाही. न समजल्याची लाज वाटून घ्यायची नाही. तोंड उघडायचं, विचारायचं. समजलं का?"

"हो, बाई!" वर्ग एका सुरात म्हणाला. एकतीस हात वर गेले. एकतीस दिवे तसेच लागलेले.

"झालं तर मग!" गुरव सर सुटल्यासारखे म्हणाले. "समजलं की सगळ्यांना."

"नाही, सर," बाई म्हणाल्या. "सगळे डावे आहेत."

त्या इंदूच्या बाकापाशी गेल्या आणि खाली फरशीवरच बसल्या. गुडघे कुरकुरले. इंदूचा हात अजून वरच होता. बाईंनी तो धरून हलकेच खाली घेतला.

"काय नाही समजलं, इंदू?"

इंदूनं फळ्याकडे बघून मान जराशी हलवली.

"फळ्याकडे नको. माझ्याकडे बघ. तुला कुठंही पाठवणार नाहीत. डॉक्टरांना विचार हवं तर."

इंदूनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. मग तिनं बाईंकडे पाहिलं, बराच वेळ. तिच्या भुवयांमध्ये एक बारीकशी आठी आली, गेली, परत आली.

"बाई, ते चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का शिकवलंत?"

दिवा विझला. मागं डॉक्टर घाईनं पेटी उघडत असल्याचा आवाज आला. सगळा वर्ग वळून बाईंकडे बघत होता.

येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. उत्तर बाईंना येत होतं.

"तुला वाचवायचं होतं, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते डॉक्टरांना खरं सांगूनही झालं असतं. मग माझी शाल परत द्यावी लागली असती, आणि सगळ्यांना कळलं असतं की माझ्या वर्गाला येत नाही. ते मला नको होतं. म्हणून तुला शिकवलं."

इंदू तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होती. समजायचा प्रयत्न करत होती. बाई फरशीवर बसून राहिल्या, आणि तिचा दिवा बराच वेळ लागला नाही.