नीलाताईंची जागा

टेबलांखाली डब्या बसवायचं काम एका शनिवारी उरकलं. काडेपेटीएवढी पांढरी डबी आणि तिला एक गोल काच. माणूस खुर्चीत बसला की त्याच्या अंगाची ऊब त्या काचेला कळायची आणि भूपेश हेडाऊच्या स्क्रीनवर त्या जागेचा चौकोन हिरवा व्हायचा. माणूस उठला की थोड्या वेळाने तो करडा पडायचा.

डब्या विकत आणलेल्या होत्या. पण कोण किती वेळ जागेवर होतं हे दाखवणारा प्रोग्राम भूपेशने लिहिला होता. गायत्रीनगरच्या रस्त्यावरच्या आयटी पार्कात तिसऱ्या मजल्यावर त्यांची कंपनी होती. ती परदेशी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. नियमांना तिथे तोटा नव्हता. कोडची एक ओळ बदलायची तर आधी तिकीट, तिकिटाला मंजुरी, मंजुरीला कारण, आणि कारण ठरावीक चारपाच कारणांतूनच निवडायचं. त्यात आता हा नवा नियम आला होता. दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत दिसला पाहिजे.

भूपेशला हा नियम मनातून मूर्खपणाचा वाटत होता. अडलेलं काम त्याला खुर्चीत कधी सुचलंच नव्हतं. ते सुचायचं जिन्यात, नाहीतर खाली तर्री-पोह्याच्या गाडीपाशी उभं असताना. त्याने मॅनेजरला, अपूर्वला, एकदा तसं सांगूनही पाहिलं होतं.

"मला माहीत नाही का यार?" अपूर्व म्हणाला होता. "पण वरून आलंय. तू बस बना के दे."

भूपेशने बनवून दिलं. आणि देताना एक गोष्ट गुपचूप केली. स्वतःच्या जागेची नोंद त्याने 'चाचणीची जागा' अशी केली. चाचणीच्या जागा हिशेबात धरल्या जात नव्हत्या. एका शब्दाचं काम होतं ते. मग तो पूर्वीसारखाच हवं तेव्हा जिन्यात फिरत राहिला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

नीलाताई बक्षी खांबाजवळच्या खिडकीपाशी बसायच्या. बसायच्या म्हणजे त्यांची पर्स आणि पाण्याची बाटली तिथे असायची. त्या टेस्टर होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं त्यांचं काम, आणि चूक सापडली की त्या ईमेल पाठवत नसत. उठून त्या माणसापाशी जायच्या, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "हे पुन्हा बघतोस का जरा?" भूपेश कॉलेजातून नवा आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर तो हात दिवसातून अनेकदा पडायचा. चारचौघांत त्याची चूक त्यांनी एकदाही काढली नाही.

डब्या बसल्यावर नीलाताईंचा चौकोन सगळ्यांत जास्त करडा राहू लागला. पहिला इशारा आला. दुसरा आला. मग एका दुपारी त्या भूपेशपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भूपेश, तू तर माझ्याहून जास्त भटकतोस. तुझं कसं भरतं रे?"

"माहीत नाही ताई. भरून जाते कसं तरी," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"माझं कामच फिरायचं आहे. हे तू सांगशील का अपूर्वला? तुझा प्रोग्राम आहे, तुझं ऐकतील."

"हो ताई. बोलतो न मी. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

तो बोलला नाही. बोलायला गेलं असतं तर कोणाला नियमातून वगळता येतं हे सांगावं लागलं असतं, आणि मग आधी कोणाला वगळलंय हेही निघालं असतं. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये अपूर्वने विचारलं, "डेटा बरोबर आहे ना? उद्या कोणी आपल्यावर उलटायला नको." भूपेश म्हणाला, "बरोबर आहे."

डेटा बरोबरच होता.

नीलाताईंना कामावरून काढलं त्या दिवशी बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलं होतं. सामानाची पिशवी घेऊन त्या लिफ्टपाशी उभ्या होत्या. भूपेश त्यांच्यासोबत तिथपर्यंत गेला. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण त्याच बोलल्या.

"नुसतं बसून राहायचं आहे, हे नीट सांगितलं असतंस तर बसून राहिले असते रे."

लिफ्टचं दार लागलं.

पुढच्या सोमवारी भूपेशने स्क्रीन उघडली तर खांबाजवळचा चौकोन हिरवा होता.

डबी बिघडली असेल म्हणून त्याने ती बदलली. नवीन डबीनेही हिरवाच दाखवला. दुसऱ्या टेबलाची डबी आणून लावली, तरी तेच. खिडकीतून ऊन येत असेल म्हणून त्याने पडदा ओढला. कोडमध्ये जागांची अदलाबदल झाली असेल म्हणून सगळी फाइल ओळीओळीने वाचली. शेवटी तो खुर्चीपाशी गेला आणि वाकून गादीवर तळवा ठेवला.

गादी गरम होती. उन्हाची ऊब कोरडी असते, वरवरची असते. ही खोल होती, किंचित दमट. कोणीतरी बराच वेळ बसून आत्ताच उठावं तशी.

त्याने हात मागे घेतला. एसीची हवा डोक्यावर पडत होती आणि शेजारची खुर्ची गार होती.

चौकोन सकाळी ऑफिस उघडताना हिरवा व्हायचा आणि सुटताना करडा. मध्ये एकदाही नाही. जेवणाच्या सुट्टीतही नाही. इतका सलग हिरवा चौकोन त्या मजल्यावर कोणाचाच नव्हता.

ती जागा मग प्रणाली नावाच्या नव्या मुलीला दिली. सावनेरहून रोज बसने येणारी, हसरी, बोलकी पोरगी होती. दोनतीन दिवसांत तिचं बोलणं कमी झालं. एकदा चहाच्या मशीनपाशी तिने भूपेशला गाठलं.

"दादा, माझ्या आधी त्या खुर्चीत कोणी बसून जाते का?"

"काहून?"

"सकाळी आली की गरम असते. आणि..." ती पेपरकपाची कड चुरगाळत राहिली. "हसू नका हं. कोणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटते मले. घरी आईच्या मांडीवर बसतो न, तसं. पण ती मांडी हालत नाही."

भूपेश हसला नाही. त्याने तिला त्याच दिवशी दुसरीकडे जागा दिली. डबी काढली आणि खणात टाकली. पण येताजाता त्याची नजर खांबाकडे जायचीच. एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याने पुन्हा गादीवर हात ठेवला, आणि या वेळी त्याला वाटलं, की आपण कोणाच्या तरी अंगाला न विचारता हात लावतोय. त्याचे कान तापले. बॅग उचलून तो तसाच भर दुपारी बाहेर पडला आणि गाडी त्रिमूर्तीनगरकडे वळवली.

नीलाताईंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दार त्यांच्या मुलीने, चिन्मयीने उघडलं. बी.एस्सी.ची परीक्षा संपल्याने ती घरीच होती. भूपेशने नाव सांगितलं तेव्हा ती दारातच थबकली.

"बरं झालं दादा तुम्ही आलात. आईला बघा ना जरा. बाबा तर म्हणतात, नोकरी गेल्याचं दुःख आहे, होईल कमी."

खोलीत कूलर चालू होता. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येत होता. बाल्कनीच्या दाराशी एका प्लास्टिकच्या खुर्चीत नीलाताई बसल्या होत्या. ऑफिसला नेसायच्या तशी इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले, हात मांडीवर. समोर भिंत होती.

"ताई," तो म्हणाला.

त्या हलल्या नाहीत. डोळे उघडे होते, पापण्या लवत होत्या. मात्र नजर त्याच्यावर नव्हती. ऐन कामात असलेल्या माणसाची असते तशी ती होती.

"सकाळी तयार होते आणि बसते," चिन्मयी कुजबुजली. "पाण्यालाही उठत नाही. संध्याकाळी आपोआप उठते आणि मग अगदी नॉर्मल. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, सगळं ठीक आहे." ती थोडी घुटमळली. "खुर्चीला हात लावून बघा."

भूपेश खाली वाकला. नीलाताईंच्या साडीच्या बाजूला, खुर्चीच्या कडेला त्याने बोटं टेकवली.

बाहेर झळा चालल्या होत्या. घरातली भिंतसुद्धा तापलेली होती. ती खुर्ची गार होती. माठाच्या बुडाशी हात लावावा तशी गार.

तो जमिनीवर बसून राहिला. काय करावं ते त्याला कळत नव्हतं आणि निघूनही जाववत नव्हतं. ऑफिस सुटायच्या सुमारास नीलाताईंनी एक खोल श्वास घेतला, गुडघे चोळले आणि उभ्या राहिल्या.

"अरे, भूपेश! कधी आलास? चिन्मयी, याला पन्हं दिलंस का?"

त्यांचा आवाज तोच होता. त्यांनी त्याच्या घरची चौकशी केली, तांडापेठेतल्या त्याच्या वडिलांचा हातमाग अजून चालू आहे का ते विचारलं. पन्ह्याचा पेला हातात धरून भूपेश ऐकत होता. मग त्याच्याने राहवलं नाही.

"ताई, मी अपूर्वशी बोललोच नव्हतो. माझी जागा मी हिशेबातून काढून ठेवली होती. तुमचीबी काढता आली असती मले. एका शब्दाचं काम होतं."

"माहीत आहे रे."

"कसं?"

"टेस्टर आहे मी," त्या म्हणाल्या. "तुझा प्रोग्राम आला त्याच आठवड्यात दिसलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही कोणाले?"

"तुझी नोकरी गेली असती ना." त्यांनी त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. "जाऊ दे. आता बरं आहे. आता उठावंच लागत नाही."

घरी जाताना भूपेशने खामला चौकात गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढता तो रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अपूर्वला घेऊन थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. स्वतःची जागा कशी वगळली ते सांगितलं. नीलाताईंनी वर्षभरात शोधलेल्या चुका त्यांच्यापुढे ठेवल्या आणि त्यातली प्रत्येक चूक खुर्चीतून उठून सांगितलेली होती हेही सांगितलं. अपूर्व चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "अबे, मरवा लिया तूने खुद को."

त्याने सांगितलं त्यातलं काहीच खोटं ठरलं नाही. परदेशातल्या एका दवाखान्याची तक्रार नेमकी त्याच आठवड्यात आली होती, नीलाताईंनी नक्की पकडली असती अशा चुकीची. साहेबांनी त्यांना परत बोलावलं. डब्या काढल्या. भूपेशला राजीनामा द्यायला सांगितलं. तो त्याने शांतपणे दिला. नोटिशीच्या काळात काम संपवून द्यायचं होतं.

नीलाताई परत आल्या तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी सगळ्यांना संत्राबर्फी वाटली. दुपारपर्यंत त्या मजलाभर फिरत होत्या, या टेबलावरून त्या टेबलावर, हसत, वाकून स्क्रीन दाखवत. कितीतरी दिवसांनी भूपेशला पोटभर भूक लागली.

जेवून तो जागेवर आला तेव्हा फोन वाजत होता. चिन्मयीचा होता.

"दादा, आई पोचली ना ऑफिसला?"

"हो मग. सकाळीच आल्या. इथंच आहेत."

"तुम्ही बघताय तिला? आत्ता?"

"हे काय, समोर उभ्या आहेत."

पलीकडे कूलरचा आवाज येत होता.

"काय झालं गं?"

"ती बाल्कनीजवळची खुर्ची," ती म्हणाली. "झाडायला म्हणून उचलायला गेले. दादा, उचलत नाहीये. सरकतही नाही. प्लास्टिकची खुर्ची आहे ती."

भूपेशने मान वर केली.

खांबापाशी नीलाताई कोणाशी तरी बोलत होत्या. बोलणं संपलं. त्या वळल्या, लांबून त्याला पाहून हसल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

खुर्चीची गादी दबली नाही.