शरणप्पाची घंटा

लातुरात माणूस गेल्याचं पाहुण्यांच्या आधी शरणप्पाच्या रिक्षाला कळतं, असं आम्ही क्लासमधले शिक्षक चहा पिताना म्हणायचो. गंजगोलाईत त्याचं खोक्याएवढं रेकॉर्डिंगचं दुकान. साड्यांचा सेल असो, इलेक्शन असो की निधनवार्ता, रिक्षावरच्या भोंग्यातून गावभर त्याचाच आवाज फिरणार. भारदस्त, गोड, विश्वास ठेवावा असा. निधनवार्तेच्या आधी मात्र तो एकदा पितळी घंटा वाजवायचा. त्याचे वडील गुरुबसप्पा अंत्ययात्रेपुढे ती घंटा वाजवत चालायचे. यानं ती धंद्यात आणली. सेलला नाही, सभेला नाही, फक्त मेलेल्यासाठी. घंटा ऐकली की बायका गॅस बारीक करून दारात यायच्या.

मी लुंबिनी. क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. आवाज म्हणजे कंपन, बाकी काही नाही, हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेते.

विनोद माझा धाकटा भाऊ. नायगावहून वेल्डिंगच्या कामाला परदेशी गेला. पहिला पगार हातात पडतो न पडतो तोच त्या शहरावर शेजारच्या देशाची फौज चालून आली आणि ठाण मांडून बसली. मग चौकाचौकात भोंगे लागले. दुकानं उघडी आहेत, नळाला पाणी येणार आहे, फौज तुमची मित्र आहे. सगळ्या भाषांत, दिवसभर. विनोद फोनवर हसायचा. "ताई, येकबी दुकान उघडं न्हाई. पर ऐकून ऐकून खरंच वाटाया लागलंय."

त्याचा शेवटचा व्हिडिओ खिडकीतून काढलेला आहे. खाली रस्ता. पासपोर्ट आणि पाण्याची बाटली घेतलेली माणसं ओळीनं मैदानाकडे निघालीत. भोंगा हिंदीत सांगतो आहे, "सब बाहर आइए. डरने की कोई बात नहीं. बसें तैयार हैं." मग कॅमेऱ्यामागून विनोद म्हणतो, "समदे निघाले ताई. जावं का न्हाई कळंना. जातो. ठिवतो."

त्या मैदानातून कुणीच परतलं नाही. नंतर बातम्यांत मैदान दिसलं, त्यात नुसत्या बाटल्या पडल्या होत्या. सरकारी कागदावर विनोद बेपत्ता आहे. आई, नागुबाई, माणूस गेल्यावरच्या जलदान विधीला तयार होत नाही. "बशीत बसलाय त्यो," म्हणते. "बस वाटंत आसंल." त्याचा चार्जर तिनं बोर्डात लावून ठेवलाय, आल्या आल्या लागेल म्हणून.

एकदा स्टाफरूममध्ये हेडफोन लावून मी तो व्हिडिओ ऐकला, आणि भोंग्यातल्या बोलण्याच्या आधी घंटा ऐकू आली. एकच ठोका. मग तो आवाज हिंदीत असूनही मला ओळखू आला. इतके दिवस कसा आला नाही, याचंच नवल.

त्याच दुपारी मी दुकानात गेले. शरणप्पानं आढेवेढे घेतले नाहीत.

"हाव, माझाच हाय. इंटरनेटवरून काम आलतं. मजकूर आला, वाचला, धाडून दिला. ताई, मी आवाज इकतो, मजकूर न्हाई."

"आणि घंटा?"

त्याचा चेहरा उतरला. "घंटा न्हाई वाजवली. बशीत बसा म्हणायला घंटा कशाला वाजवू?"

त्यानं कॉम्प्युटरवरची मूळ फाईल लावली. घंटा नव्हती. मी माझा मोबाईल लावला. होती. मागाहून घुसडलेली म्हणावी, तर ती त्याच भोंग्यातून, त्याच भिंतींवर आपटून येत होती. शरणप्पानं विभूतीच्या डबीशेजारची घंटा उचलून हलवली. आतला लोलक काठावर आदळलेला मला दिसला. आवाज आला नाही.

"नायगावला चला, अप्पा," मी म्हणाले. "माझ्या आईसमोर एवढंच म्हणा, बस नव्हती. मग तरी ती त्याचा विधी करू देईल."

तो घंटेकडेच बघत राहिला. "लग्नसराई हाय. बघू म्होरं."

"जळो तुमची ती जीभ," म्हणून मी उठले. तो मरावा असं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात सेलची रिक्षा क्लासवरून गेली, तर आधी घंटा आणि मग साड्यांचे भाव. बायका दारात येऊन कोण गेलं विचारू लागल्या. मग लग्नाच्या मंडपाची जाहिरात, तिच्याही आधी घंटा. गिऱ्हाईक तुटलं. शरणप्पानं लोलकाला फडकं गुंडाळलं, घंटा विहिरीत टाकली, असं लोक सांगत. करणीपासून मशिनच्या बिघाडापर्यंत सगळं बोलून झालं. मी ऐकायचे आणि मला बरं वाटायचं.

एका सकाळी त्याचा ड्रायव्हर मल्लेश क्लासच्या दारात रिक्षा घेऊन आला. भोंगा चालू होता. घंटा, मग "सब बाहर आइए."

"मॅडम, तुमी शिकल्यालं मानूस," तो म्हणाला. "ह्ये काय हाय, सांगा." भोंग्याची तोडलेली वायर त्याच्या हातात होती.

मी भोंग्यावर तळवा ठेवला. पत्रा गार होता. आवाज येत होता आणि पत्रा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शरणप्पा मला क्लासजवळच्या मैदानात दिसला. उन्हात, मधोमध, एकटा. पांढरा सदरा, घामानं पसरलेली विभूती. एका हातात आधार कार्ड आणि पाण्याची बाटली. दुसऱ्या हातात घंटा, ओली.

"नायगावला निघालोय, ताई," तो म्हणाला. "आईला समदं सांगतो. बस हितंच येती ना? भोंग्यात तसंच म्हणले."

बसस्टँड हाकेच्या अंतरावर होतं. त्याचा हात धरून नेलं असतं, तर संध्याकाळी तो आईसमोर बसला असता. मला हवं होतं ते एक वाक्य तो बोलला असता. मला सगळं कळत होतं. पण त्याचा तो विश्वास ठेवलेला चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"येईल," मी म्हणाले. "इथंच उभे राहा."

घंटा वाजली. त्याचा हात हलला नव्हता.

फाटकातून मी मागे वळून पाहिलं. मैदानात नुसती बाटली उभी होती. सील न फोडलेली.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी व्हिडिओ उघडला. तीच खिडकी, तोच रस्ता, तीच ओळ. ओळीच्या शेवटी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस होता. कपाळावर पसरलेली विभूती.

मी हसले. खरंच हसले.

घंटा वाजली.

मी त्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले. भोंगा खरखरला आणि मराठीत बोलला. बाईचा आवाज होता.

"येईल. इथंच उभे राहा."

कॅमेऱ्यामागे विनोदनं मोकळा श्वास सोडला.

"आरं, ही तर ताई हाय," तो कुणाला तरी म्हणाला. "चला रे. आता भ्यायचं काम न्हाई."

मग जिना उतरणारी पावलं ऐकू आली. तो धावत होता.