विसरभोळ्यांच्या मरणाचा भाव

बाळ्या वर्तमानपत्रावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होता, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. डोळे पुसत त्याने दार उघडलं आणि तो तसाच मागे सरकत खुर्चीत बसला. ज्यांच्यासाठी तो सकाळपासून रडत होता ते दारात उभे होते, आणि जिना चढून त्यांना दम लागला होता.

"मी काल वारलो," पाहुणे म्हणाले. "पेपरात वाचलंच असेल. हे काम कोणाचं, ते मला शोधून द्या."

त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पिवळा कोट घालून त्यांनी एका विसराळू कारकुनाचं सोंग तीस वर्षं असं काही वठवलं होतं, की सगळेच त्यांना विसरभोळे म्हणत. बाळ्याने त्यांचा एकही सिनेमा चुकवला नव्हता. बाळ्या म्हणजे बसमधला निवृत्त तिकीट तपासनीस, वय साठ. पण थोरल्या बहिणीच्या लेखी अजून बाळ्याच. ताईने बावीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. आता तेच काम ती स्वतःच्या पाटीखाली करायची.

ताईने पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं. हकिगत थोडक्यात अशी होती. आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या पेटीत कोणीतरी टाइप केलेला कागद टाकला. विसरभोळे दुपारी झोपेतच गेले, अंत्यविधी घरच्यांनी उरकले, कृपया कोणीही भेटायला येऊ नये. खाली सही 'कुटुंबीय'. संपादकांनी शहानिशा न करता तो पहिल्या पानावर छापला होता आणि आता ते कान धरून बसले होते. तो धागा तिथेच तुटत होता.

"मी हसून सोडून दिलं असतं," विसरभोळे म्हणाले. "पण माझी थोरली बहीण शेजारच्या गावात राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने सहा वाजता रेडिओवर ऐकलं आणि मला बघायला अनवाणीच धावत सुटली. जिन्यात पडली, मनगट मोडलं. वर मलाच बजावते, पोराला इतक्यात सांगू नकोस, जीव टांगणीला लागेल त्याचा."

बाळ्याला राहवलं नाही. त्याने वही पुढे करून सही मागितली. विसरभोळ्यांनी ती दिली, पण मनगट चोळत. गेल्या रविवारी एका इस्पितळाच्या मदतीसाठी त्यांनी एका बैठकीत दोनशे फोटोंवर सह्या केल्या होत्या. शेवटच्या साठ-सत्तर सह्या घसरगुंडीवरून सुटल्यासारख्या खाली गेल्या, असं ते म्हणाले.

"तुम्ही मेल्याचा फायदा कुणाला?" ताईने विचारलं.

विसरभोळे हसले. मागच्या वर्षी एक गायिका गेली, तर तिच्या झिजलेल्या चपला मोटारीच्या किमतीला विकल्या गेल्या होत्या. "आम्ही आहोत तोवर रद्दीच्या भावात आणि गेलो की सोन्याच्या," ते म्हणाले. त्यांच्या वस्तूंशी संबंध येणारे तिघंच होते: जुन्या सिनेमाच्या चीजा विकणारा एक दुकानदार, त्या जमवणारा एक दातांचा डॉक्टर आणि त्यांचे कार्यक्रम सांभाळणारा भाचा, म्हणजे त्या पडलेल्या बहिणीचाच मुलगा. त्याला मी जिवंत असल्याचं बरोब्बर दहा वाजता फोन करून कळवलं, तर बिचारा फोनवरच रडला, असं विसरभोळे म्हणाले. आईचं मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

बाहेर पडताना ताई म्हणाली, की तिघांना एकच प्रश्न विचारायचा: बातमी वाचल्यापासून ती खोटी असल्याचं कळेपर्यंत तुम्ही काय केलंत? बाळ्याला हे मिळमिळीत वाटलं. त्याच्या मते सरळ दुकानदाराच्या बखोटीला धरायला हवं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. भिंतीभर पोस्टर, काचेच्या कपाटात टोप्या, चष्मे, तुटक्या छत्र्या. दुकानदार डोक्याला हात लावून बसला होता. सकाळी सातलाच दारात रांग लागली होती, लोक विसरभोळ्यांच्या एकेका फोटोला दहापट द्यायला तयार होते, आणि ह्या शहाण्याने एकही विकला नव्हता. आठवडाभर थांबलो तर पन्नासपट येतील, असा त्याचा होरा. बारा वाजता रेडिओवर सांगितलं, की माणूस ठणठणीत आहे. रांग पांगली.

"आनंद झाला हो, खरंच झाला," तो कसनुसा हसत म्हणाला. "फक्त जरा उशिरा कळलं असतं तर बरं झालं असतं."

दातांचा डॉक्टर दोन रुग्णांच्या मध्ये भेटला. त्याच्या दवाखान्यात दातांच्या तक्त्यांपेक्षा विसरभोळेच जास्त होते. बातमी वाचून हा गृहस्थ आधी पोटभर रडला आणि मग खरेदीला लागला. आठ वाजता कोणीतरी आवाज दाबून फोन केला, सही असलेले साठ फोटो आहेत म्हणाला. टॅक्सीवाल्याच्या हाती पाकीट आलं, त्याच्याच हाती पैसे गेले. किती, ते बायकोला कळू नये, एवढीच त्याची विनंती होती.

त्याने फोटो दाखवले. प्रत्येकावरची सही उजवीकडे खाली ओघळत गेलेली.

"आजारपणातल्या असाव्यात असं वाटलं," डॉक्टर हळवा होऊन म्हणाला. "अगदी अखेरच्या. म्हणून तर घासाघीस केली नाही."

बाळ्याला त्याची दया आली. पण मनात तो म्हणाला, हा वेडा कुठल्याही थराला जाईल.

भाच्याची कचेरी एका शिंप्याच्या दुकानावर होती. भाचा चाळिशीचा, बोलका, हसरा. त्याने लगेच चहा मागवला. साडेसहाला बातमी वाचली आणि हातपायच गळाले, असं त्याने सांगितलं. मामांचं घर दहा मिनिटांवर. पण 'कोणी येऊ नये' असं छापलेलं, तेव्हा जायचा धीर झाला नाही. दहाला मामांचा फोन येईपर्यंत तो सुन्न बसून होता.

खुंटीवर तो प्रसिद्ध पिवळा कोट लटकत होता. बाळ्या भक्तिभावाने त्याच्याजवळ गेला.

"आत्ताच खालून आलाय," भाचा म्हणाला. "मामा हल्ली वाळलेत ना, शनिवारच्या प्रयोगाला ढगळ दिसला असता. कमरेत दोन बोटं आत घ्यायला सांगितला."

कोटाला शिंप्याची चिठ्ठी टाचलेली होती. बाळ्याने सवयीने ती वाचली, जशी तो आयुष्यभर तिकिटं वाचत आला होता: आजची तारीख, कोट घेतला सकाळी नऊला, कंबर दोन बोटं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. ताईने मात्र चष्मा सावरून ती दोनदा वाचली. मग तिने इस्पितळाच्या फोटोंची चौकशी केली. परवाच दोनशेच्या दोनशे पोचते केले, असं भाचा म्हणाला. चहा संपवून ताईने कोपऱ्यावरून इस्पितळाला एक फोन केला आणि पाच वाजता सगळ्यांना विसरभोळ्यांच्या घरी बोलावलं.

दिवाणखान्यात दुकानदार आणि डॉक्टर एकमेकांकडे संशयाने बघत बसले होते. भाचा मामांच्या खुर्चीमागे उभा होता.

"कागद कोणी टाकला हे आपल्याला कळणार नव्हतं," ताईने सुरुवात केली. "पण ज्याने टाकला त्याला एक गोष्ट माहीत होती, जी बाकी कुणालाच नव्हती. विसरभोळे जिवंत आहेत. म्हणून मी एवढंच पाहिलं, की बातमी कुणी खरी मानली."

तिने दुकानदाराकडे बघितलं. बातमी खोटी आहे हे ठाऊक असतं, तर भाव दुपारपर्यंतच टिकणार हेही ठाऊक असतं. मग त्याने सातलाच दुकान रिकामं केलं असतं. तो थांबला, म्हणजे त्याने खरं मानलं. डॉक्टरने तर चढ्या भावाने विकत घेतलं. खोटं माहीत असणारा माणूस असला खड्डा स्वतःसाठी खणत नाही.

"मग विकलं कोणी?" बाळ्याने विचारलं.

"डॉक्टरांच्या साठही सह्या घसरलेल्या आहेत. रविवारच्या दोनशेतल्या शेवटच्या. इस्पितळात पोचले एकशे चाळीस, मी विचारलं."

भाचा म्हणाला, की मोजण्यात चूक झाली असेल.

"असेल," ताई म्हणाली. "पण तुम्ही म्हणता, दहा वाजेपर्यंत मामा गेले असंच तुम्हाला वाटत होतं. आणि नऊ वाजता त्यांचा कोट शनिवारसाठी कमरेत आत घ्यायला दिलात. गेलेल्या माणसाच्या कमरेचं माप कोणी घेत नाही."

बाळ्याच्या मनात आलं, चिठ्ठी तर आपणच आधी वाचली होती.

"मामा, एका सकाळचा तर प्रश्न होता," भाचा शेवटी म्हणाला. "बारापर्यंत सगळं निस्तरलं असतं. कुणाचं काय बिघडलं?"

विसरभोळ्यांनी मान वर केली. "तुझ्या आईचं मनगट मोडलं. तिने खरं मानलं, बाबा. तू दहा मिनिटांवर बसून राहिलास आणि ती दुसऱ्या गावाहून अनवाणी निघाली."

भाच्याने खिशातून पैशांचं पाकीट काढून डॉक्टरसमोर ठेवलं आणि पायात चपला सरकवत तो जिन्याकडे धावला. त्याला कोणी अडवलं नाही.

डॉक्टरने मात्र पाकीट घ्यायला नकार दिला. माणूस जिवंत असताना त्याच्या मरणाच्या भावात विकलेले फोटो जगात दुसऱ्या कुणाकडे असणार? ते तो परत देणार नव्हता. दुकानदाराने तिथल्या तिथे दुप्पट किंमत देऊ केली. विसरभोळ्यांनी दोघांना गप्प केलं आणि पाकीट इस्पितळाकडे पाठवलं.

शनिवारी नाट्यगृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत विसरभोळ्यांची बहीण गळ्यात हात अडकवून बसली होती, आणि शेजारी तिचा मुलगा तिच्यासाठी शेंगा सोलत होता. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण शेंगा खात होती.

पडदा वर गेला. पिवळा कोट दिसताच सगळं नाट्यगृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. विसरभोळे रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले, त्यांनी खिसे चाचपले, कपाळाला आठ्या घातल्या आणि प्रेक्षकांना विचारलं, "मी काहीतरी करायचं विसरलोय का?"

सगळ्यात आधी हसली ती त्यांची बहीण, इतकी, की चांगल्या हाताने तिला मुलाचा खांदा धरावा लागला.