देवकर मास्तर आणि पोरींची कबड्डी

शाळेच्या पडवीत रचलेल्या गोण्या कुणाच्या, हे पेणजवळच्या जोह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. गावात घरोघर गणपतीचे कारखाने. गल्ल्या इतक्या अरुंद की शाडूचा ट्रक आत वळत नाही. म्हणून मातीच्या गोण्या शाळेच्या पडवीत उतरवायच्या आणि ज्याच्या त्याने सवडीने उचलून न्यायच्या, अशी गावची जुनी रीत. ही रीत ठाऊक नसलेला एकच माणूस तेव्हा गावात होता. तो म्हणजे रोह्याहून नवाच आलेला खेळाचा मास्तर, महिपती देवकर!

दिवाळी नुकतीच सरली होती. कापलेल्या भाताचा वास अजून हवेत होता आणि गवतावरचं दव पायांना चांगलंच झोंबत होतं. गुणाजी मूर्तिकाराची थोरली लेक सरू गोण्या न्यायला आली, तर पडवी रिकामी! आणि समोरचं मैदान... कालपर्यंत खडबडीत असलेलं मैदान आज राखाडी, गुळगुळीत, ओलसर चमकत होतं. मधोमध एक उंच तरुण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून झारीने पाणी शिंपत उभा होता.

"मास्तर, हितल्या गोण्या कुठं गेल्या?"

"या, या, बघा!" त्याने हौसेने हात पसरला. "हेडमास्तर म्हणाले होते, मैदानाला माती येईल. पण अशी झकास येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या रोह्याला अशी माती नाय बघितली कधी."

"कशी बघाल? लांबनं मागवतो आमी ती. शाडू हाय तो. आमच्या कारखान्याचा."

झारी तशीच वाकडी राहिली. पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं, पण त्याला शुद्ध कुठे होती!

"म्हंजे... गणपतीचा?"

"व्हय. त्याच्यावर आता तुमी पोरी नाचवनार."

"मी भरून देतो ना परत! आत्ताच्या आत्ता —"

"खडे मिसळले त्यात सगळे. आता त्याचा उंदीरसुद्धा व्हायचा नाय."

सरू चांगलीच रागावली होती. पण त्याचा तो पडलेला चेहरा, चिखलात रुतलेले ते पाय... तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती वळली आणि तरातरा घराकडे निघाली. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. फाटकापाशी तेवढं बघितलं.

गुणाजी शाळेच्या कमिटीचा चेअरमन. माणूस रागीट नव्हता, पण हिशोबी होता. त्याने मास्तरला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "माती तुमी घालवलीत, तर माती मळायला तुमीच या. रोज शाळा सुटली की." मास्तरने मान डोलावली. शिक्षा ऐकून इतका खूश झालेला माणूस गुणाजीने आजवर पाहिला नव्हता.

मग रोज संध्याकाळी महिपती कारखान्यात येऊ लागला. बाह्या वर सरकवून शाडू मळायचा, गोळे करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा. पलीकडे सरू मूर्तींचे डोळे आखत बसलेली असायची. डोळ्यांची आखणी म्हणजे श्वास धरून करायचं काम. हात जरा हलला की देव तिरळा.

"इतक्या बारीक कुंचल्यानं... हात कापत नाय तुमचा?"

"आखताना कुनी बोललं तर कापतो."

तो गप्प झाला. पण नजर काही गप्प बसेना.

"मास्तर, बघायचं पन नाय."

"मग करू काय मी?"

"मळा."

तो मळू लागला. सरूने कुंचला टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. गाल उगाच तापले होते. त्या संध्याकाळी तिचा एकही डोळा पुरा झाला नाही. आणि त्याचा दोष ती माणूस सोडून दिव्यालाच देत राहिली.

आता शाळेच्या मैदानावरून जाण्याचं तिला रोज काहीतरी काम निघू लागलं. पोरी सराव करायच्या. त्यांच्यात सगळ्यात चपळ मंगळी, नदीकाठच्या वाडीवरची. दरवर्षी दिवाळी झाली की मंगळीचे आईबाप वीटभट्टीवर कामाला निघायचे आणि मंगळी त्यांच्याबरोबर, म्हणजे शाळा तिथेच बंद. यंदा मात्र ती हटून बसली होती. रोह्याला शाळांचे सामने आहेत, मी आजीपाशी राहणार, म्हणाली. आणि राहिली!

एकदा मंगळी चढाईला जाताना सरूच्या तोंडून निघूनच गेलं, "डावा कोपरा रिकामा हाय गो!"

महिपतीने शिट्टी थांबवली. "तुमी खेळलायत?"

"नववीपत्तुर. मग पोरींच्या प्रवासाला पैसा नाय म्हनून शाळेनं संघच बंद केला." ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली. पण ते तिला अजून सलत होतं, हे त्याला बरोबर कळलं.

"मग या ना आत. मी एकटा उभा राहतो. शिवून दाखवा."

"लोक काय म्हनतील?"

"म्हणतील, मास्तरला मार पडला."

पोरींनी एकच गिल्ला केला. सरूने पदर खोचला, मधली रेषा ओलांडली आणि दम धरला — कबड्डी, कबड्डी, कबड्डी... किती वर्षांनी! पाय अजून विसरले नव्हते. महिपती डावीकडे झुकला, तशी ती उजवीकडे वाकली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला बोट लावून पळाली. इतकंसं बोट. महिपती मात्र जागच्या जागी उभा. तिला पकडायचंही त्याला सुचलं नाही.

"मास्तर औट!" मंगळी ओरडली.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "कधीचाच."

सरूने ऐकलं. पण ऐकू आलं नाही असं दाखवून ती पदर सोडत निघाली, आणि घरी पोचेपर्यंत एकटीच हसत होती.

...आणि मग कमिटीची सभा लागली. दहावीच्या वर्गाचं छप्पर गळत होतं, प्रयोगशाळेच्या नावाने एक कपाट होतं. गुणाजी उभा राहिला आणि त्याने सरळच विषय काढला. "शाळा हाय ती शिकवायला. खेळायला गावात मंडळं हायत की! पोरं खेळतात तिथं रोज. शाळेनं खेळावर खर्च कशाला करायचा? खेळ बंद करू, छप्पर घालू."

चारदोन माना डोलल्या. खेळ बंद म्हणजे मास्तरही बंद, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मागे बायकांत सरू बसली होती. ती उठली. बापासमोर चार माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"मंडळं पोरांची हायत, बाबा. पोरींचं मंडळ दाखवा मला एक तरी." ती थांबली नाही. "पोरींना शाळा सोडून खेळायला जागा कुठं हाय? माझा खेळ बंद केलात, तेव्हा मी काय जास्त शिकले? डोळं आखते नि घरात बसते. नि ती मंगळी बघा. खेळ हाय म्हनून ती शाळेत हाय, न्हायतर आज विटा वाहत असती. हा खर्च खेळावरचा नाय. हा शिकवन्यावरचाच खर्च हाय."

गुणाजी लेकीकडे बघतच राहिला. रागाने की कौतुकाने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. पन छप्पर घालून वर दोन्ही नाय झेपनार. एक तर मास्तरचा पगार, न्हायतर पोरींचा रोह्याचा खर्च. यंदा एकच काय ते."

महिपती भिंतीला टेकून उभा होता. "पोरींना न्या," तो म्हणाला. "मला रोह्याच्या एका कंपनीत नोकरी मिळते आहे, शिफ्टची. शिकवायला सरूबाई आहेत. माझ्यापेक्षा बऱ्या."

झालं! टाळ्या पडल्या, ठराव झाला. आणि ज्या गोष्टीसाठी सरू भांडली ती मिळूनही तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

फाटकापाशी तिने त्याला गाठलं. "मला इचारलंत?"

"काय?"

"जाऊ का म्हनून."

"विचारलं असतं तर तुमी नको म्हणाला असतात..." तो घुटमळला. "आणि मग मला जाता आलं नसतं. मग पोरी कशा गेल्या असत्या?"

"जावा तर मग!" ती म्हणाली आणि ताडताड निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो गेला. ती निरोप द्यायला गेली नाही. कारखान्यात बसून तिने एकामागून एक डोळे आखले आणि आखता आखता भरपूर रडून घेतलं.

रडून झाल्यावर मात्र ती मैदानावर गेली. रोज गेली. पोरींना पळवलं, पाडलं, उठवलं, ओरडली. मास्तरसारखी शिट्टी तिला जमेना, म्हणून टाळ्या वाजवल्या. मंगळीची आजी एकदा म्हणाली, "तू लय कडक गो बाय, मास्तर बरा व्हता." सरू म्हणाली, "बरा व्हता म्हनून तर गेला."

सामन्यांच्या दिवशी पोरींबरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून गुणाजी निघाला. "खर्च वाया गेला की नाय, ते डोळ्यांनी बघतो," म्हणाला. पेणहून एसटी सुटली. वाटेतलं गडब गाव येईतो पोरींच्या गाण्यांनी कंडक्टरचं डोकं उठलं आणि कोलाडला वडे खाऊन त्या एकदाच्या गप्प झाल्या. सरू खिडकीशी बसून होती. तो येईल का, हा प्रश्न तिने मनाला विचारायचा नाही असं बजावलं होतं. मन ऐकतं थोडंच!

रोह्याचं मैदान गच्च भरलेलं. सामना यजमान शाळेशीच, त्यामुळे सगळी गर्दी त्यांच्या बाजूची. मध्यंतरापर्यंत जोह्याच्या पोरी मागे पडल्या. मंगळीचा गुडघा फुटला होता, पण ती बाहेर यायला तयार नव्हती. आणि तेवढ्यात त्या गर्दीच्या मधून एक आवाज आला —

"मंगळीऽ! डावा कोपरा!"

सरू दचकून वळली. कंपनीचा निळा शर्ट, डोळे जागरणाने लाल. रात्रपाळी करून तो थेट इथेच आला होता.

मंगळीने डाव्या कोपऱ्यात मुसंडी मारली आणि दोघींना शिवून परतली. गुणाजी धोतर सावरत बाकावर उभा राहिला. "शाब्बास गो पोरी! अजून एक! अजून एक!" खर्चाचा त्याला पार विसर पडला होता. महिपती तर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. शेजारचा त्याचा दोस्त वैतागला.

"काय रे देवकर, गाव तुझा रोहा, नि ओरडतोस पेनवाल्यांसाठी?"

"ओरडीन नाय तर काय?" महिपती बोलून गेला. "सासुरवाडी हाय माझी ती!"

नेमका तेव्हाच पंचांनी खेळ थांबवला होता, मंगळीच्या गुडघ्याला पट्टी बांधायला. त्यामुळे ते वाक्य साऱ्या मैदानाला स्पष्ट ऐकू गेलं. महिपतीने जीभ चावली. पोरी एकमेकींना ढोसू लागल्या. सरूला वाटलं, धरणी दुभंगावी... आणि लगेच वाटलं, नको, इतक्यात नको.

गुणाजी बाकावरून सावकाश खाली उतरला. महिपतीसमोर जाऊन त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अस्सं! म्हंजे शाळेचा पगाराचा मास्तर गेला, नि आता बिनपगारी जावई येतो म्हनतो. शाळेला स्वस्तच पडलं की!"

महिपती घाबरून सरूकडे बघू लागला. सगळेच तिच्याकडे बघू लागले. हो म्हणते की नाही, एवढंच आता उरलं होतं.

सरूने पदर खोचला. पोरींना आत जायची खूण केली आणि मग बापाकडे वळून ठणकावून म्हणाली, "बिनपगारी नाय हां, बाबा. जावई झाला म्हनून काय झालं? शाळेनं खेळाचा मास्तर ठेवायचा, नि त्याला पगार द्यायचा."

गुणाजीने मोठ्याने हसत कपाळाला हात लावला. महिपतीला त्या वाक्यातलं आपलं उत्तर कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा पंचांची शिट्टी वाजली होती, आणि तो दोन्ही हात वर करून पुन्हा मंगळीच्या नावाने ओरडायला लागला होता.